मेन सर्व्हर पडतो पण स्टँडबाय उठतच नाही: कीपअलाइव्हडीचा फेलओव्हर कसा तपासायचा

दोन लिनक्स सर्व्हर, दोन्हीवर एचएप्रॉक्सी नाहीतर इंजिनएक्स (आलेल्या वेब विनंत्या मागच्या सर्व्हरकडे वाटणारी सॉफ्टवेअर), त्यांच्यात एक फिरता आयपी ज्याला सगळे व्हीआयपी म्हणतात, आणि तो आयपी इकडून तिकडे हलवायला कीपअलाइव्हडी. एक मशीन पडलं की दुसऱ्याने काम हाती घेणं म्हणजे फेलओव्हर. छोट्या कंपन्या, हॉस्पिटलं, पतसंस्था, कारखान्यांची ऑफिसं, बऱ्याच ठिकाणी हीच जोडी असते कारण सॉफ्टवेअर फुकट आहे, सेटअप पटकन होतो आणि पहिल्या दिवशी डेमो पण छान होतो. मग खरंच मेन सर्व्हर पडतो आणि स्टँडबाय नुसता बघत बसतो. हे सेटअप दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दोष बहुतेक वेळा दोनच जागी निघतो: एकतर दोन्ही मशीनना एकमेकांचं ऐकू येत नसतं, नाहीतर हेल्थ चेक (सर्व्हिस नीट चालतेय का बघणारी तपासणी) भलतंच काहीतरी तपासत असतो. सॉफ्टवेअरमधला बग क्वचितच. त्यामुळे लगेच व्हर्जन अपग्रेड करायला किंवा सगळं पुसून नव्याने टाकायला जाऊ नका, आधी खालच्या क्रमाने बघा.

लक्षणं

तुमचं यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा.

- मेनची पॉवर काढली तर स्टँडबाय बरोबर उठतो, पण मेनवरचं अ‍ॅप्लिकेशन अडकलं, ५०० एरर यायला लागली किंवा पान नुसतंच गोल फिरत राहिलं, तर व्हीआयपी जागचा हलत नाही.
- व्हीआयपी दोन्ही मशीनवर एकदम दिसतो. काहींना साइट चालते काहींना नाही, अपलोड केलेली फाइल कधी दिसते कधी गायब.
- व्हीआयपी स्टँडबायवर गेलाय, त्याच नेटवर्कमधून पिंगही लागतो, पण दुसऱ्या ब्रँचमधून किंवा बाहेरून कुणी पोचत नाही. आणि मग काही तासांनी कुणी काही न करता सुरू होतं.
- पिंग लागतो पण ब्राउझर म्हणतो कनेक्शन रिफ्यूज्ड, किंवा सर्टिफिकेट संपलंय.
- रोज रात्री ठरावीक वेळेला व्हीआयपी पलीकडे उडी मारतो आणि काही सेकंदांत परत येतो.
- व्हीआयपी कुठेच नाही, दोन्ही मशीन मात्र चालू.

पहिलं काम: काही न बदलता बघा

दोन्ही सर्व्हरवर लॉगिन करा आणि आयपीची यादी काढा. व्हीआयपी एकावर आहे, दोन्हीवर आहे की कुठेच नाही, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. दोन्हीवर असेल तर मशीनना एकमेकांचं ऐकू येत नाहीये, कुठेच नसेल तर बहुतेक हेल्थ चेकने दोघांनाही बाद केलंय, आणि बरोबर एकावर असूनही लोक अडलेत तर पुढचा राउटर किंवा त्या मशीनवरची सर्व्हिस बघायची.

मग दोन्हीकडचा कीपअलाइव्हडीचा लॉग काढून शेजारी शेजारी ठेवा. इथे घड्याळं जुळलेली लागतात, एक मशीन दोन मिनिटं पुढे असेल तर आधी कोण पडलं तेच कळत नाही आणि तुम्ही उलटा निष्कर्ष काढता, म्हणून क्रोनी (घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) दोन्हीवर चालू आहे ना ते आत्ताच बघून घ्या. आणि हे सगळं रीस्टार्ट करायच्या आधी. रीस्टार्टने लक्षण जातं, कारण तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात परत येतं.

लाइट, केबल, स्विच

दोन्ही सर्व्हर एकदम गेले असतील तर कॉन्फिगमध्ये डोकं घालायच्या आधी रॅकच्या मागे जाऊन वायर हाताने धरून शेवटपर्यंत बघा. दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत का, एकाच स्विचमध्ये आहेत का, आणि व्हर्च्युअल मशीन असतील तर दोन्ही एकाच होस्टवर येऊन बसलीयेत का. शेवटचं फार होतं, कारण होस्टच्या मेंटेनन्सला मशीन हलवतात आणि परत वेगळी करायची राहून जातात. पुणे-पिंपरीकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट घालवतात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, तर गुरुवारीच दोन्ही सर्व्हर पडत असतील तर यूपीएसची बॅटरी आधी बघा. खर्च शून्य, आणि एका यूपीएसवरची जोडी ही जोडीच नाही.

दोन्ही कॉन्फिग ओळीला ओळ लावून बघा

व्हर्च्युअल राउटर आयडी, म्हणजे जोडीचा गट नंबर, दोन्हीकडे एकच हवा. प्रायॉरिटी वेगळी हवी, जिची जास्त ते मशीन मास्टर, म्हणजे व्हीआयपी धरणारं, आणि दुसरं बॅकअप. अ‍ॅडव्हर्टचा इंटरव्हल (मी जिवंत आहे हे सांगणारं पॅकेट किती वेळाने जातं) एकच हवा, कारण व्हीआरआरपी (ही मशीन एकमेकांशी ज्यातून बोलतात तो प्रोटोकॉल) व्हर्जन २ मध्ये तो जुळला नाही तर समोरचा पॅकेट टाकून देतो. व्हीआयपीची यादी सारखी हवी. पासवर्ड लावला असेल तर त्याची फक्त पहिली आठ अक्षरं वापरली जातात हे लक्षात असू द्या. इंटरफेसचं नाव प्रत्येक मशीनवर खरोखर जे आहे तेच हवं, नवीन मशीनवर ते बदललेलं असतं आणि कॉन्फिग जुन्यावरून कॉपी केलेली असते.

आता राउटर आयडीबद्दल जरा थांबून सांगतो कारण यात लोक दिवस दिवस घालवतात. कीपअलाइव्हडीच्या नमुना कॉन्फिगमध्ये हा आयडी ५१ आहे आणि सगळे जण तोच तसाच कॉपी करतात. मग त्याच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) दुसऱ्या टीमने दुसऱ्या कामासाठी दुसरी जोडी उभी केली की तिचाही ५१. आता चार मशीन एकाच गटात आहेत असं समजून एकमेकांचे पॅकेट वाचतात. लॉगमध्ये पासवर्ड चुकीचा आहे किंवा आलेल्या पॅकेटमध्ये आपला आयपी नाही अशा ओळी धडाधड यायला लागल्या तर हेच कारण समजा. आयडी १ ते २५५ मधला कुठलाही घेता येतो, तर नेटवर्कवाल्याला विचारून मोकळा आकडा घ्या आणि तो कुठेतरी लिहून ठेवा. नेटवर्कवाल्याचे राउटरसुद्धा व्हीआरआरपी वापरत असू शकतात, त्यामुळे विचारणं गरजेचंच.

एकमेकांचं ऐकू येतंय का

मास्टर दर सेकंदाला एक पॅकेट सोडतो, २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणाऱ्या) पत्त्यावर, आयपी प्रोटोकॉल नंबर ११२. हे टीसीपी पण नाही आणि यूडीपी पण नाही, म्हणून पोर्ट उघडून काही होत नाही. बॅकअप मशीन तीन पॅकेटांएवढा वेळ वाट बघतं, त्यात प्रायॉरिटीप्रमाणे सेकंदाचा एक तुकडा मिळवतं, म्हणजे प्रायॉरिटी १०० असेल तर साधारण ३.६ सेकंद, आणि तेवढ्यात काही ऐकू आलं नाही की स्वतः मास्टर होतं. फायरवॉलने ११२ अडवलं असेल तर बॅकअपला कधीच काही ऐकू येत नाही आणि दोन्ही मास्टर होऊन बसतात.

बॅकअपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, फिल्टर प्रोटोकॉल ११२. सेकंदाला एक ओळ दिसली पाहिजे. एक गोष्ट लक्षात घ्या, टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी बघतं, त्यामुळे तिथे पॅकेट दिसतंय आणि तरी बॅकअप मास्टर होतोय तर त्याच मशीनची फायरवॉल खातेय किंवा वर सांगितलेली कॉन्फिग जुळत नाहीये. टीसीपीडंपलाच काही दिसत नसेल तर पॅकेट वाटेतच कुठेतरी जातंय. फायरवॉलडीमध्ये व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल म्हणून परवानगीत टाका, तो बदल कायमचा करा आणि रीलोड करा. कायमचा केला नाही तर पुढच्या रीबूटला तीच बोंब.

फायरवॉल मोकळी असूनही ऐकू येत नसेल तर स्विच मल्टिकास्ट नीट पुढे देत नाहीये. नेटवर्क टीमच्या मागे लागण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे युनिकास्ट पीअर लिहा, प्रत्येकाने समोरच्याचा आयपी द्यायचा, मग मल्टिकास्टचा संबंधच उरत नाही. दोनच मशीन असतील तर मी सुरुवातच युनिकास्टने करतो. फायरवॉलमध्ये ११२ मात्र तरीही उघडं लागतं.

क्लाउडवर असाल तर हे आणखी वेगळं आहे. एडब्ल्यूएसच्या व्हीपीसीमध्ये साधं मल्टिकास्ट चालत नाही आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये ११२ वेगळं उघडावं लागतं, पण खरी अडचण त्यापुढे आहे: कीपअलाइव्हडीने मशीनवर आयपी लावला म्हणून क्लाउडचं नेटवर्क तो मानत नाही. नोटिफाय स्क्रिप्टमधून (स्टेट बदलली की कीपअलाइव्हडी चालवतो ती) त्यांच्या एपीआयला सांगून आयपी हलवावा लागतो. ती स्क्रिप्ट नसेल तर लॉगमध्ये सगळं छान दिसेल आणि ट्रॅफिक जुन्याच मशीनकडे जात राहील. तिथे त्यांचाच लोड बॅलन्सर वापरणं जास्त शहाणपणाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

हेल्थ चेक नक्की काय तपासतोय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिलं लक्षण, म्हणजे पॉवर काढली तर उठतो पण अ‍ॅप्लिकेशन अडकलं तर नाही, ते जवळजवळ नेहमी इथेच सुटतं.

बऱ्याच कॉन्फिगमध्ये चेक एवढाच असतो की एचएप्रॉक्सीची प्रोसेस जिवंत आहे का. प्रोसेस जिवंत असते हो, पण तिला मागे एकही सर्व्हर मिळत नसतो, किंवा डिस्क भरलेली असते, आणि लोकांना एरर दिसत असते. चेकने गिऱ्हाईक जे करतं तेच करून बघायला हवं, म्हणजे लोकल मशीनवर एक खरं पान मागायचं आणि बरोबर उत्तर आलं का बघायचं. त्यासाठी कर्ल (पान मागवणारी कमांड) वापरणार असाल तर एक खाच आहे: कर्लला एफ हा पर्याय दिला नाही तर ५०० एरर आली तरी ते शून्य परत करतं, शून्य म्हणजे सगळं ठीक, आणि चेक कायमचा पास. शिवाय वेळेची मर्यादा द्या, दोन सेकंद पुरे, नाहीतर अडकलेल्या अ‍ॅप्लिकेशनबरोबर चेकसुद्धा अडकून बसतो.

याच्या उलट चूक पण बघा. चेक थेट डेटाबेसपर्यंत जात असेल आणि डेटाबेस दोघांना एकच असेल तर डेटाबेस पडल्यावर दोन्ही मशीन एकदम नापास होतात, दोन्ही फॉल्टमध्ये (बाद स्थितीत) जातात आणि व्हीआयपी कुणाकडेच राहत नाही. मग साधं मेंटेनन्सचं पान दाखवायचीही सोय राहत नाही. दुसऱ्या मशीनवर गेल्याने जो दोष सुटणार नाही तो चेकमध्ये घेऊच नका.

आता हिशोब. चेकला वेट दिलेलं नसेल तर नापास झाल्यावर मशीन सरळ फॉल्टमध्ये जातं आणि व्हीआयपी सोडतं. वेट दिलेलं असेल तर फक्त प्रायॉरिटी तेवढी कमी होते. मेन १५०, स्टँडबाय १००, वेट उणे २०: नापास झाल्यावर मेन १३० वर येतो, १३० अजूनही १०० पेक्षा मोठाच, व्हीआयपी हलत नाही. चेक बरोबर चालतोय, लॉगमध्ये नापास दिसतोय, आणि फेलओव्हर नाही, म्हणून लोक चक्रावतात. वेट हे दोघांतल्या फरकापेक्षा मोठं हवं, बास. मी मेन १०१, स्टँडबाय १०० आणि वेट उणे १० असं ठेवतो, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

स्क्रिप्ट चालतच नसेल असंही होतं. स्क्रिप्ट सिक्युरिटी चालू असेल आणि स्क्रिप्ट रूटने चालवायची असेल, तर स्क्रिप्टच्या फाइलवर किंवा वरच्या कुठल्याही फोल्डरवर रूटशिवाय इतर कुणाला लिहायची मुभा असली की कीपअलाइव्हडी ती चालवत नाही. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर एसईलिनक्स (कुठल्या प्रोग्रॅमला काय करता येईल ते ठरवणारी लिनक्सची सुरक्षा) अडवतं. त्यामुळे तुम्ही हाताने चालवली तर पास, सर्व्हिसने चालवली तर नापास. लॉगमध्ये याची नोंद येते, अंदाज लावू नका. आणि कृपा करून एसईलिनक्स कायमचं बंद करून हा प्रश्न सोडवू नका, ऑडिट लॉग बघून तेवढीच परवानगी द्या.

व्हीआयपी गेला पण लोक पोचत नाहीत

आधी सोपं: स्टँडबायवर सर्व्हिस खरंच चालू आहे का. एचएप्रॉक्सी व्हीआयपीवरच बाइंड केलेला असेल तर स्टँडबायवर तो आयपी नसताना एचएप्रॉक्सी सुरूच होत नाही, आणि आयपी आल्यावर त्याला कुणी सुरू करत नाही. कर्नलची नॉन-लोकल बाइंड सेटिंग १ करा, मग आयपी नसतानाही तो ऐकायला तयार बसतो. सर्टिफिकेट पण दोन्हीकडचं बघा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, त्याचं नूतनीकरण व्हीआयपी ज्याच्याकडे आहे त्याच मशीनवर होतं, आणि स्टँडबायवर जुनंच पडून राहतं. नूतनीकरणानंतर फाइल पलीकडे कॉपी होऊन तिथली सर्व्हिस रीलोड झाली पाहिजे.

हे ठीक असेल तर एआरपी, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅकवर (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर) आहे ही नोंद, बघा. व्हीआयपी हलला की मॅक अ‍ॅड्रेस बदलतो, कारण कीपअलाइव्हडी सांगितल्याशिवाय मशीनचाच मॅक वापरतो. ही बातमी सगळ्यांना द्यायला तो ग्रॅच्युइटस एआरपी लगेच पाठवतो आणि पाच सेकंदांनी परत पाठवतो. पुढच्या राउटरने किंवा फायरवॉलने ती घेतली नाही तर तो जुन्या मॅककडेच पाठवत राहतो, आणि सिस्कोच्या राउटरवर एआरपीची नोंद मुळात चार तास टिकते. काही तासांनी आपोआप सुरू होतं या लक्षणाचं कारण हेच. अडलेल्या वेळी स्टँडबायवरून आर्पिंग कमांडने व्हीआयपीची घोषणा हाताने करून बघा, सुरू झालं तर निदान पक्कं. मग कॉन्फिगमध्ये ही घोषणा ठरावीक वेळाने परत परत होत राहील असं लावा. व्हर्च्युअल मॅकचाही पर्याय आहे पण व्हीएमवेअरवर त्यासाठी व्हर्च्युअल स्विचवर फोर्ज्ड ट्रान्समिट्स आणि मॅक अ‍ॅड्रेस चेंजेस उघडावे लागतात, तो निर्णय सिक्युरिटीवाल्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

उड्या मारणं

रात्री ठरावीक वेळेला होत असेल तर डेटा बॅकअप घेण्याचं टाइमटेबल बघा. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेताना मशीन थोडा वेळ गोठतं, तीन-साडेतीन सेकंद गोठलं की पलीकडचा मास्टर होतो, मग हे जागं होतं आणि जास्त प्रायॉरिटीच्या जोरावर व्हीआयपी परत ओढून घेतं. म्हणजे एका धक्क्याच्या जागी दोन. दोन्ही मशीनची सुरुवातीची स्टेट बॅकअप ठेवा आणि नो-प्रीएम्प्ट (परत आल्यावर व्हीआयपी ओढून न घेणं) लावा, सुरुवातीची स्टेट मास्टर असेल तर नो-प्रीएम्प्ट लागू होत नाही. परत हलवायचं ते दिवसा, माणसाने ठरवून.

रीबूटनंतर अर्धा मिनिट दोन्ही मास्टर होत असतील तर ते स्विचच्या स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमधला लूप टाळणारी व्यवस्था). लिंक वर आली तरी पोर्ट साधारण ३० सेकंद ट्रॅफिक सोडत नाही, तेवढ्यात उठलेल्या मशीनला वाटतं आपण एकटेच. स्विचच्या त्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावा, ते हातात नसेल तर कीपअलाइव्हडीला उशिरा सुरू होऊ द्या. आणि चेकमध्ये फॉल (किती वेळा नापास) व राइज (किती वेळा पास) १ वर ठेवू नका, तीनदा नापास तर बाद, दोनदा पास तर परत, असं काहीतरी द्या.

टेस्ट

कीपअलाइव्हडी स्टॉप करून फेलओव्हर बघणं ही सगळ्यात सोपी टेस्ट आहे आणि तिच्यावरच सगळे समाधान मानतात. नीट थांबवलं की तो जाताना प्रायॉरिटी शून्यचं पॅकेट पाठवतो, म्हणजे मी चाललो असं सांगूनच जातो, आणि पलीकडचा सेकंदाच्या आत उठतो. खरं मशीन मरताना सांगत नाही. म्हणून वेगवेगळ्या टेस्ट करा: पॉवर काढा, नेटवर्क केबल काढा, अ‍ॅप्लिकेशन थांबवा पण मशीन चालू ठेवा, अ‍ॅप्लिकेशनची प्रोसेस गोठवा. प्रत्येक वेळी ब्रँचमधल्या किंवा बाहेरच्या कुणाला तरी साइट उघडायला लावा, रॅकशेजारच्या लॅपटॉपवरून बघितलेलं पुरत नाही. आणि परत येणं पण तपासा, जाणं एवढंच नाही.

इथे थांबा आणि जाणकार माणूस बोलवा

वर सांगितलेलं सगळं वेब, प्रॉक्सी अशा ठिकाणी लागू आहे, जिथे मशीनवर स्वतःचा डेटा नसतो. व्हीआयपीच्या मागे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल थेट असेल आणि व्हीआयपी दोन्हीकडे दिसला असेल तर थांबा. दोन्हीकडे लिहिलं गेलं असू शकतं, आणि मग कुठली नोंद खरी हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, कारण एकाच पावती नंबरच्या दोन वेगळ्या पावत्या दोन मशीनवर पडलेल्या असतात. गिटहबचं (प्रोग्रॅमचा कोड साठवणारी साइट) उदाहरण जाहीर आहे: २१ ऑक्टोबर २०१८ ला त्यांचं दोन ठिकाणांमधलं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं, डेटाबेसचा फेलओव्हर आपोआप झाला, अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकमेकांकडे नसलेल्या नोंदी राहिल्या आणि सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यांच्याकडे मोठी टीम होती.

डेटाबेसला दोन मशीन आणि कीपअलाइव्हडी पुरत नाही. तिसरं मत लागतं, म्हणजे पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा फेलओव्हर सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्यामागे तीन मशीनचा ईटीसीडी (मास्टर कोण याची नोंद ठेवणारा), किंवा पेसमेकर (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात जुन्या मास्टरची पॉवर खरोखर तोडणारं फेन्सिंग. फेन्सिंग बंद करून पेसमेकर चालवलाय असं दिसलं तरी माणूस बोलवा, आज चालतंय म्हणून ठेवू नका. शेअर्ड स्टोरेज दोन्ही मशीनवर एकदम माउंट झालं असेल, डीआरबीडी (दोन मशीनच्या डिस्क सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) स्प्लिट ब्रेन, म्हणजे दोन्हीकडचा डेटा वेगळा झालाय, असं म्हणत असेल, किंवा तुमच्या हातात नसलेल्या राउटर-स्विचवर बदल करायचा असेल, तेव्हाही तसंच. पेशंटचा डेटा किंवा खातेदारांचे पैसे यात असतील तर शिकायला म्हणून प्रयोग नको.

तो येईपर्यंत अ‍ॅप्लिकेशन थांबवा म्हणजे नवीन नोंदी पडणार नाहीत, एका मशीनवरचा डेटा दुसऱ्यावर कॉपी करू नका, रेप्लिकेशन नव्याने जोडू नका, काही डिलीट करू नका. दोन्हीकडच्या कॉन्फिग, कीपअलाइव्हडी आणि डेटाबेसचे त्या दिवसाचे लॉग, टीसीपीडंपची फाइल, आणि पहिली तक्रार किती वाजता आली व त्यानंतर कुणी काय केलं हे वेळेसकट लिहून त्याच्या हातात द्या. जागा असेल तर दोन्ही डिस्कची जशीच्या तशी प्रतही घेऊन ठेवा, ती घेताना डेटाबेस बंद असला पाहिजे.